अब्बांच्या ट्रंकेतले घोडेस्वार

वाचकहो, या महिन्याची सगळी जागा एकाच पत्राला देतो आहे. पत्र चिपळूणजवळच्या एका गावातून एका भगिनीचे आहे. तिचे अब्बा तीस वर्षे बोटीवर होते आणि सारंग म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. आता घराची दुरुस्ती निघाली, माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली आणि उघडली तर आत साठ-सत्तर इंग्रजी पुस्तके. खिशात मावतील एवढी, पाने पिवळी पडलेली, प्रत्येकाच्या कव्हरवर घोडा, रुंद टोपी आणि पिस्तूल. भाऊ म्हणतो, रद्दीवाल्याला देऊन टाकू. अम्मी म्हणतात, मरहूमांची वस्तू आहे, कोणी हात लावायचा नाही. नववीतला मुलगा म्हणतो, मला वाचायची आहेत. भगिनीचे प्रश्न दोनच: असली पुस्तके घरात ठेवावीत का? आणि मुलाच्या हातात द्यावीत का? पत्रासोबत पुस्तकांच्या नावांची यादी आहे, आणि शेवटी सहज लिहावी तशी एक ओळ आहे. काही पुस्तकांत अब्बांनी समासात पेन्सिलीने शब्दांचे मराठी अर्थ लिहिले आहेत; ते सातवीपर्यंतच शिकले होते.

भगिनी, पहिले उत्तर त्या शेवटच्या ओळीला. पेन्सिलीचे अर्थ लिहिलेली पुस्तके आजच वेगळी काढा. त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, कोणते पान कोणत्या पुस्तकातले हेही लिहून ठेवा. पेन्सिल पुसट होत जाते आणि हा कागद तर फार दिवसांचा सोबती नाही. बाकीच्या पुस्तकांचे काय करायचे ते आता सविस्तर सांगतो.

या कादंबऱ्यांना ‘वेस्टर्न’ म्हणतात. अमेरिकेच्या पश्चिम भागातले गुराखी, शेरीफ, दरोडेखोर आणि तिथले मूळ रहिवासी, ज्यांना त्या काळी सरसकट ‘रेड इंडियन’ म्हणत, यांच्या या गोष्टी. काळ बहुतेक १८६० ते १८९० च्या दरम्यानचा. स्वस्त पुस्तकांचा हा धंदा अमेरिकेत १८६० मध्ये सुरू झाला. तेव्हा दहा सेंटला एक कादंबरी मिळे. त्या मालिकेतले पहिलेच पुस्तक ॲन स्टीफन्स नावाच्या बाईंनी लिहिलेले होते, आणि त्याची नायिका एका गोऱ्या शिकाऱ्याची मूळ रहिवासी पत्नी, मालेस्का, होती. पहिली गोष्ट बाईने लिहिलेली आणि बाईविषयीची. पुढे या प्रकारावर पुरुषांच्या टोप्यांनी इतकी गर्दी केली की हे कोणाला आठवतही नाही. ‘बी. एम. बोअर’ या नावाने गुराख्यांच्या कादंबऱ्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खूप खपल्या. वाचक समजत की लेखक पुरुष आहे. त्या होत्या बर्था मझी बोअर. नुसती आद्याक्षरे छापली की लोक उरलेले आपल्या मनाने भरतात.

तुमच्या ट्रंकेतली पुस्तके मात्र नंतरची, पेपरबॅकच्या काळातली आहेत. १९३९ मध्ये अमेरिकेत ‘पॉकेट बुक्स’ने पंचवीस सेंटची पुस्तके काढली आणि ती पुस्तकांच्या दुकानांबरोबरच पानपट्टी, औषधाचे दुकान, स्टेशन अशा ठिकाणी विकायला ठेवली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटण्यासाठी खास आडव्या आकाराच्या आवृत्त्या छापल्या गेल्या. १९४३ ते १९४७ या काळात १,३२२ पुस्तकांच्या मिळून १२ कोटींहून जास्त प्रती निघाल्या. गणवेशाच्या खिशात बसतील असा त्यांचा आकार होता, आणि त्यात वेस्टर्न भरपूर होत्या. लाखो तरुणांना पुस्तक वाचायची सवय खंदकात आणि जहाजावर लागली. युद्ध संपल्यावर हे वाचक तयार होतेच. १९५० मध्ये फॉसेट कंपनीने ‘गोल्ड मेडल’ मालिका सुरू केली. तिच्यात जाड पुठ्ठ्याची आवृत्ती आधी काढण्याची भानगडच नव्हती. कादंबरी थेट पेपरबॅकमध्येच जन्माला यायची. समीक्षक अशा पुस्तकांकडे बघत नसत. ग्रंथालये ती फारशी ठेवत नसत. म्हणून त्यातली चांगलीही हरवली.

कागदाचेही सांगून टाकतो, कारण तुम्हाला ते उपयोगी आहे. हा कागद लाकडाच्या स्वस्त लगद्याचा. लाकडातला जो भाग चांगल्या कागदातून काढून टाकतात तो यात तसाच राहतो. तो उजेड आणि हवा लागली की पिवळा, मग तपकिरी होतो, आणि कागदातले आम्ल हळूहळू धागाच खाऊन टाकते. पाने पापडासारखी मोडतात त्याचे कारण हे. वाळवीचा किंवा अब्बांच्या निष्काळजीपणाचा त्यात दोष नाही. उलट बंद ट्रंकेत, अंधारात राहिली म्हणून ती एवढी टिकली.

आता यादीकडे. यादीत सगळ्यांत जास्त नावे तीन लेखकांची आहेत: ऑलिव्हर स्ट्रेंज, जे. टी. एडसन आणि लुई लामूर. मला आश्चर्य वाटले नाही. फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग उपसताना मलाही हेच तिघे भेटत आले आहेत. आपल्याकडे आलेल्या अनेक प्रती लंडनच्या ‘कोर्गी’ प्रकाशनाच्या असत.

गंमत अशी की यातल्या पहिल्या दोघांनी अमेरिकेची गुरेढोरे नव्हे, लंडनचा धूर आणि इंग्लंडचा पाऊस पाहिलेला. ऑलिव्हर स्ट्रेंज हे लंडनमध्ये प्रकाशन संस्थेत काम करणारे गृहस्थ. वयाची साठी जवळ आली तेव्हा, १९३० मध्ये, त्यांनी ‘सडन’ नावाच्या बंदूकबाजाची पहिली कादंबरी लिहिली. अमेरिकेला ते कधी गेलेच नाहीत. १९५२ मध्ये ते वारले, आणि सडनला मागणी इतकी की पुढे फ्रेडरिक नोलन यांनी टोपणनावाने त्याच्या आणखी पाच कादंबऱ्या लिहिल्या. एडसन इंग्लंडमधल्या मेल्टन मोब्रे गावचे. काही काळ पोस्टमन होते, आणि सव्वाशेहून जास्त पुस्तके लिहून गेले. आणि केवळ इंग्रजच असे करत असे नाही. ‘शेन’ ही १९४९ ची कादंबरी वेस्टर्नमधली सर्वांत घोटीव म्हणून ओळखली जाते. ती लिहिताना जॅक शेफर यांनी पश्चिम पाहिलेला नव्हता. ते वर्तमानपत्रात काम करत होते. न पाहिलेल्या मुलखाविषयी लिहिणे हा गुन्हा नाही. पण ज्या माणसांना कधी भेटलो नाही त्यांच्याविषयी लिहिताना हात सैल सुटतो, तिथे वाचकाने सावध राहावे.

एडसनविषयी तर मी स्पष्टच सांगतो. वेग आहे, पानामागून पान उलटते. पण त्यांचे नायक हे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेले शूर पुरुष, आणि लेखकाची सगळी माया त्यांच्याच पारड्यात. मुलाने वाचायचे तर वाचावे, पण ती युद्धे कशासाठी झाली हे आधी घरात कोणीतरी त्याला सांगावे. यादीत ‘एज’ मालिकेची दोन पुस्तके आहेत, जॉर्ज जी. गिलमन या नावाची. ती १९७२ नंतरची, आणि ती नववीच्या मुलासाठी नाहीत. रक्तपात पानोपानी आहे आणि बायकांचे वर्णन घरात वाचण्यासारखे नाही. ती वेगळी ठेवा. त्याआधीच्या पिढीतल्या वेस्टर्नची भाषा बहुतेक स्वच्छ असते. कव्हरवर जे दाखवलेले असते त्याच्या दहावा हिस्साही आत नसतो. कव्हर विकणाऱ्याचे, पुस्तक लिहिणाऱ्याचे. शाळेच्या वह्यांना घालतो तसे खाकी कव्हर घाला, प्रश्न मिटला. आत सलून आहे, दारू आहे, पत्त्यांचा जुगार आहे, हे खरे. त्याविषयी घरात जे शिकवले आहे ते एवढ्याने पुसले जाईल असे मला वाटत नाही. आणि या गोष्टींत जुगाऱ्याचा शेवट चांगला झालेला क्वचितच दिसतो.

लुई लामूर यांच्यापाशी थोडे थांबू या, कारण तुमच्या अब्बांना ते का आवडले असतील याचा मला अंदाज आहे. १९०८ चा जन्म, नॉर्थ डकोटातला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग खाणीत, गुरांमध्ये, लाकूडतोडीत जे मिळेल ते काम, आणि बरीच वर्षे मालवाहू जहाजावर खलाशी. बंदराला लागले की पुस्तक शोधायचे, पाळी संपली की वाचायचे. ‘गोल्ड मेडल’ने १९५३ मध्ये काढलेल्या ‘होंडो’ने त्यांचे नाव झाले, पुढे शंभरावर पुस्तके झाली. १९८८ मध्ये ते गेले, आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. त्यात शाळा सोडलेल्या माणसाने स्वतःला कसे शिकवले ते आहे, आणि कोणत्या वर्षी काय काय वाचले याच्या चक्क याद्या आहेत. शिकण्याची हौस असलेल्या कोणत्याही मुलाला मी ते आधी देईन, कादंबऱ्या नंतर. सातवीपर्यंत शिकलेला कोकणातला सारंग, डेकवरचे काम संपवून, ज्याने स्वतःही जहाजावर पाळ्या केल्या अशा माणसाचे पुस्तक वाचतो आहे आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ समासात लिहितो आहे. अब्बा घरी या विषयी काही बोलले नाहीत असे तुम्ही लिहिता. बोटीवरची माणसे बऱ्याच गोष्टी बोलत नाहीत.

पण या सगळ्या प्रकारावर एक मोठा डाग आहे आणि तो झाकून मी तुम्हाला पुस्तके ठेवा म्हणणार नाही. हजारो वेस्टर्नमध्ये मूळ रहिवासी हा माणूस नाहीच. तो टेकडीमागून येणारी आरोळी आहे. ज्यांची जमीन गेली, ज्यांचे करार मोडले गेले, ज्यांना राखीव पट्ट्यांत कोंडले गेले, त्यांनाच आक्रमक म्हणून रंगवायचे आणि घर बळकावणाऱ्याला घराचा रक्षक म्हणायचे, असा तो हिशेब. एखाद्या समाजाचा माणूस गोष्टीत आला की तो खलनायकच असणार, हे पडदा उघडण्याआधीच ठरलेले असणे म्हणजे काय, हे आपल्या घरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मुलाला मात्र समजावून सांगा, कारण बारा-पंधरा वर्षांचा वाचक नेहमी घोड्यावर बसलेल्याच्या बाजूने असतो.

काही लेखकांनी ही चौकट मोडायचा प्रयत्न केला, आणि त्यांचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. झेन ग्रे हे नाव तुमच्या यादीत चार वेळा आहे. न्यूयॉर्कमध्ये दात काढणारे डॉक्टर, नंतर १९१२ च्या ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ने घरोघरी पोचलेले. ‘द व्हॅनिशिंग अमेरिकन’ ही त्यांची कादंबरी आधी एका महिलांच्या मासिकात क्रमशः आली. नायक नवाहो जमातीचा, नायिका गोरी, आणि राखीव पट्ट्यातले काही मिशनरी लबाड. वाचकांची, धर्मसंस्थांची ओरड झाली. १९२५ मध्ये पुस्तक निघाले तेव्हा शेवट बदललेला होता: नायकाला मरावे लागले, म्हणजे लग्नाचा प्रश्नच उरला नाही. मूळ शेवट असलेली आवृत्ती लेखकाच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, १९८२ मध्ये, त्यांच्या मुलाने बाहेर काढली. तुमच्या यादीत हे पुस्तक आहे. कोणत्या सालची प्रत आहे ते पाहा. एकाच नावाची दोन पुस्तके, एकात माणूस जगतो आणि एकात मरतो, असा हा प्रकार आहे.

आता ज्या पुस्तकासाठी मी ही ट्रंक विकतही घेतली असती ते: डोरोथी एम. जॉन्सन यांचा कथासंग्रह ‘इंडियन कंट्री’, १९५३. मॉन्टानातल्या छोट्या गावात वाढलेल्या या बाई. वडील लहानपणी गेले, आईने कष्टाने वाढवले, स्वतः आयुष्यभर नोकरी करून लिहिले. १९८४ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या कबरीच्या दगडावर एकच शब्द आहे, त्याचा अर्थ ‘फिटले’. देणे फिटले. त्यांच्या तीन कथांवर मोठे चित्रपट निघाले आणि चित्रपटांची नावे लोकांना पाठ आहेत. बाईंचे नाव कोणाला माहीत नाही.

त्यांची एक कथा ‘लॉस्ट सिस्टर’, १९५६ ची, ‘द हँगिंग ट्री’ या पुढच्या संग्रहात आहे. लहानपणी मूळ रहिवाशांनी पळवून नेलेली एक बहीण कित्येक वर्षांनी, प्रौढ वयात, सैन्याकडून ‘सोडवून’ आणली जाते. गावाला आनंद. बहिणी खोली सजवतात, कपडे शिवतात. आणि ती बाई त्या घरात कैद्यासारखी बसून राहते. भाषा विसरलेली. तिचे घर तिकडे आहे, मुलगा तिकडे आहे, तो जमातीचा पुढारी आहे. गोष्ट एका लहान भाच्याच्या तोंडून येते, म्हणून मोठ्यांना जे दिसत नाही ते आपल्याला दिसते. पुढचे सांगत नाही. या कथेमागे सिंथिया ॲन पार्कर या स्त्रीची हकिकत आहे, असे मानतात. तिला १८३६ मध्ये नऊ-दहा वर्षांची असताना कोमांची लोकांनी नेले. १८६० मध्ये, आई झाल्यावर, तिला बळाने परत आणले. ती पळून जाण्याचा प्रयत्न करत राहिली आणि दहा-एक वर्षांत झिजून वारली. तिचा मुलगा क्वाना पार्कर कोमांचींचा मोठा नेता झाला.

हे वाचताना मला फाळणी आठवते. पळवून नेलेल्या स्त्रियांना दोन्ही बाजूंनी शोधून ‘आपापल्या’ देशात परत पाठवण्यासाठी आपल्याकडे १९४९ मध्ये कायदाच झाला. अनेक जणी खरोखरच नरकातून सुटल्या. पण काहींना तोवर मुले झाली होती, संसार उभा राहिला होता, आणि तुला कुठे राहायचे आहे हा प्रश्न त्या कायद्याने त्यांना विचारलाच नाही. राजिंदर सिंह बेदींची ‘लाजवंती’ ज्यांनी उर्दूत वाचली आहे त्यांना परत आलेल्या बाईचे दुसरे दुःख ठाऊक आहे: नवरा तिला घरात घेतो, मानही देतो, फक्त तिचे ऐकून घेत नाही. मॉन्टानातल्या बाईंनी आणि पंजाबातल्या बेदींनी एकमेकांचे वाचले असेल असे मला वाटत नाही. दोघांनी एकच गोष्ट पाहिली.

मराठी वाचकांना या मुलखाची एक वाट घरातूनच आहे. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या: ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’, ‘रानातील प्रकाश’. यातली शेवटची अगदी याच विषयावर आहे. मूळ रहिवाशांनी आपला म्हणून वाढवलेला गोरा मुलगा करारानुसार जन्मदात्या घरी परत पाठवला जातो, आणि तो ना इकडचा राहतो ना तिकडचा. जी. एं.ची मराठी थोडी घट्ट आहे, सावकाश वाचावी लागते. तालुक्याच्या जुन्या वाचनालयात या प्रती अजून सापडतात. मुलाचे इंग्रजी कच्चे असेल तर सुरुवात इथून करा.

आणि एक पुस्तक यादीत सतराव्या क्रमांकावर, बाकीच्यांसारखेच मुकाट बसलेले आहे: ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’. लेखक वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्क, साल १९४०. यावर १९४३ मध्ये हेन्री फोंडांचा चित्रपट निघाला. मी आजवर वाचलेल्या वेस्टर्नमध्ये याला पहिले स्थान देतो, आणि यात बंदुकीची चकमक जवळजवळ नाही.

गोष्ट १८८५ ची, नेव्हाडातली. वसंत ऋतू, गुरे चोरीला जात असल्याची कुरबुर गावात आधीपासून आहे, सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात. अशात बातमी येते की किंकेड नावाच्या माणसाला गुरेचोरांनी ठार मारले. कोणी प्रेत पाहिलेले नाही. शेरीफ गावात नाही. सलूनसमोर माणसे जमतात. क्लार्क यांची कमाल इथे आहे: जमाव एकदम तयार होत नाही. बराच वेळ लोक घुटमळतात. म्हातारा दुकानदार डेव्हिस एकेकाला गाठून समजावतो, आणि एकेकटा असताना प्रत्येकाला त्याचे पटते. मग कोणी तरी हसते, कोणी ‘बायकी’ म्हणून हिणवते, आणि पटलेला माणूस पुन्हा घोड्यावर चढतो. भित्रा म्हटले जाण्याची भीती एवढी मोठी की तिच्यापुढे खून लहान वाटतो. स्पार्क्स नावाचा एक काळा माणूस त्यांच्यासोबत जातो, मरणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला; त्याने लहानपणी आपल्या भावाला असेच जमावाच्या हातून मरताना पाहिले आहे.

रात्री, बर्फ पडत असताना, डोंगरात तीन माणसे सापडतात: एक तरुण, एक मेक्सिकन, एक भ्रमिष्ट म्हातारा. त्यांच्याजवळ गुरे आहेत. तरुण सांगतो, मी ती विकत घेतली. पावती? पावती नाही, विकणारा म्हणाला, मागाहून पाठवतो. पहाटेपर्यंत मुदत मिळते. तो बायकोला पत्र लिहितो. डेव्हिसला वाटते, हे पत्र सगळ्यांना वाचून दाखवावे म्हणजे दगडालाही पाझर फुटेल. तरुण नाही म्हणतो, कारण ते पत्र तिचे आहे. शेवटी मत घेतात. फाशी नको म्हणणारे पाचच जण बाजूला येऊन उभे राहतात. तिघांना झाडाला लटकवले जाते. परतताना वाटेत शेरीफ भेटतो, आणि त्याच्यासोबत किंकेड असतो. जिवंत.

गुरे, अफवा, कागद नसणे, रस्त्यात अडवणारा जमाव. हे पुस्तक आपल्या वाचकांच्या मनात कुठे जाऊन लागेल ते मी लिहीत बसत नाही. क्लार्क यांनी ते तीसच्या दशकाच्या अखेरीस लिहिले, तेव्हा युरोपात हिटलरचे राज्य होते, आणि असे आपल्याकडेही होऊ शकते, हे अमेरिकनांना सांगायचे होते, असे ते पुढे म्हणाले. मला त्यातला सगळ्यात भयानक माणूस म्हणजे पुढारी वाटत नाही. तो आहे शेरीफ. त्याला सगळे कळते. आणि तो जाहीर करतो की बर्फ पडत होता, मी घाईत होतो, इथे मी कोणालाही ओळखले नाही. तिघे मेले, मारणारे समोर उभे, आणि कायद्याला चेहरे दिसत नाहीत. हे पुस्तक नववीच्या मुलाला एकट्याने वाचायला देऊ नका. त्याच्यासोबत बसून वाचा, जमल्यास भावालाही बसवा.

जाता जाता एक घोडेस्वार, जो घोड्यावर नव्हता. १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहायला परदेशातून उंट मागवले. ते टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरले, सोबत उंट हाकणारी माणसे. त्यातला एक हाजी अली, ऑटोमन मुलखातला. गोऱ्या सैनिकांच्या तोंडी नाव बसेना, ते त्याला ‘हाय जॉली’ म्हणू लागले. १८५७ मध्ये न्यू मेक्सिकोकडून कोलोरॅडो नदीकडे जाणारा गाडीरस्ता आखणाऱ्या तुकडीबरोबर तो उंट घेऊन होता. पुढे यादवी युद्ध आले, उंटांचा प्रयोग बारगळला, हाजी अली ॲरिझोनातच राहिला, लग्न केले, १९०२ मध्ये तिथेच वारला. क्वार्टझसाइट गावात त्याच्या कबरीवर रस्ते खात्याने १९३५ मध्ये दगडी पिरॅमिड बांधला आणि वर धातूचा उंट बसवला. मी वाचलेल्या कोणत्याही पेपरबॅकमध्ये हा माणूस मला भेटलेला नाही, आणि कोणी त्याच्यावर एक चांगली कादंबरी का लिहू नये कळत नाही. मराठीतही चालेल.

आता जपणुकीचे. ट्रंक जमिनीवर ठेवू नका, कोकणातल्या पावसाळ्यात तर नाहीच. खाली दोन विटा आणि फळी द्या. पुस्तके एकदा सावलीत, वाऱ्यावर मोकळी करा. उन्हात नको, ऊन या कागदाचा शत्रू आहे. कसरीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला पातळ कापडात बांधून ठेवा. सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, वर्षा-दोन वर्षांत ती डाग पाडते आणि सोबत कागदही ओढून नेते. पान जागेवर ठेवून पुस्तकाला साध्या सुती नाडीने सैल बांधा. वाचताना पुस्तक पूर्ण उताणे उघडू नका, पाठीचा डिंक तडकतो. किंमत येईल का असे भावाने विचारले असेल तर, फार नाही. ‘ऑक्स-बो’ आणि ‘इंडियन कंट्री’ मात्र कोणी मागितले तरी देऊ नयेत.

यादीत नसलेले एक नाव सुचवून थांबतो. लामूर यांनी १९८४ मध्ये ‘द वॉकिंग ड्रम’ काढली. ती वेस्टर्न नाही. बाराव्या शतकातला एक फ्रेंच किनाऱ्यावरचा खलाशी मुलगा मुस्लिम स्पेनमध्ये कॉर्डोव्याला पोचतो, तिथल्या ग्रंथालयांत आणि विद्वानांत रमतो, मग कॉन्स्टँटिनोपल, इराण असा फिरत अलामूतच्या किल्ल्यापर्यंत जातो. त्या काळातल्या मुस्लिम शहरांचे चित्र एका अमेरिकन गुराखी-लेखकाने इतक्या आदराने काढावे, हे मला अनपेक्षित होते. पुढच्या भागात नायक हिंदुस्थानात येणार होता. तो भाग लिहून झाला नाही.